मावशीचं टिकल्यांचं कॅलेंडर

माझ्या नवऱ्याच्या मावशीइतकी दुसऱ्यांच्या पाळीची काळजी वाहणारी बाई अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडणार नाही. नांदूरघाटात आमच्या घराला लागूनच तिचं घर. शिक्षण चौथीपर्यंत, पण उपकेंद्रात बायकांची बैठक असली की बोलावणं नसताना ही पहिल्या रांगेत हजर. नर्सबाईंनी एक वाक्य बोलावं आणि मावशीने तीन शंका काढाव्यात, असा तो कार्यक्रम चालतो. लग्नकार्यात एखादी पोर पाया पडायला वाकली की आशीर्वादाआधी हिची नजर तिच्या मानेवर. मान काळवंडलेली दिसली, हनुवटीवर केस दिसले की हातातल्या अक्षता तशाच धरून विचारणार, "पाळी येळंवर हाय का गं?" माझ्या नणंदेला तिने हे बोहल्यावर विचारलं होतं. नवरदेव बिचारा आंतरपाटाकडे बघत राहिला.

तिच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गल्लीतल्या प्रत्येक बाईची टिकली असते. माझी हिरवी, पलीकडच्या कमलची लाल. पाळी आली की जाऊन त्या तारखेवर आपली टिकली चिकटवायची, हा आमच्या गल्लीचा रिवाज. त्यावरून मावशी नवऱ्यांना आगाऊ समज देते. माझ्या नवऱ्याला तिने भर चौकात सांगितलं होतं, "दोन दिस हिच्याशी वाद घालू नगंस, मंग घाल." मावशीच्या मालकांना मात्र त्या टिकल्या म्हणजे शुभ दिवसांच्या खुणा वाटतात. एकदा चार टिकल्या एकत्र आलेला दिवस बघून ते बैल घेऊन केजच्या बाजाराला गेले. बैल तासाभरात विकला गेला, तेव्हापासून त्यांची श्रद्धा पक्की बसली आहे. मावशीने त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.

महालक्ष्म्यांच्या सणाआधी तर ती मेडिकलच्या दारातच ठाण मांडते. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या न्यायला आलेल्या बायकांना विचारते, "डाक्टरला इचारलं का? मनानं गोळ्या खाऊ नगा. महालक्ष्मी बी बाईच हाय, तिला समजतंय." दुकानदार कपाळाला हात लावतो, पण मावशीला हटकायची त्याची छाती होत नाही.

गेल्या वर्षी कमलच्या लाल टिकल्या कॅलेंडरवर वाटेल तिथे दिसू लागल्या. कमल तिशीची, दोन लेकरांची आई, दरवर्षी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाणारी. एका डॉक्टरने तिला गर्भपिशवी काढून टाकायला सांगितलं होतं. दिवाळीनंतर टोळी निघणार, म्हणून दसऱ्याच्या आधी ऑपरेशन उरकायचं ठरलं. आमच्याकडे हे दाढ काढण्याइतक्या सहज बोललं जातं. मावशी तडक त्यांच्या ओट्यावर जाऊन बसली.

"कावून काढायची?"

"अंगावरून लई जातंय, मावशी," कमल म्हणाली. "फडात खाडा झाला की मुकादम बोलतंय."

"आधी रगत तपासा. पिशवी काय पळून चाललीय व्हय?"

कमलची सासू चिडली. "माझी काढली, थोरलीची काढली. तुमी डाक्टर हाव का?"

"न्हाई. म्हनून तर दुसऱ्या डाक्टरला इचारू म्हन्ते."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी जीपने केजच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली, रक्त घेतलं आणि तीन दिवसांनी परत बोलावलं. ते तीन दिवस मावशीने कुणाच्या मानेकडे पाहिलं नाही, इतकी ती धास्तावली होती. रिपोर्ट आला. पिशवी धडधाकट होती. कमी पडत होतं ते थायरॉईडचं हार्मोन आणि अंगातलं रक्त. एक गोळी सकाळी उपाशीपोटी, लोहाच्या गोळ्या वेगळ्या, काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी. ऑपरेशनची गरज नव्हती.

परतीच्या जीपमध्ये मावशीचं भाषण रंगलं. "गळ्यातली ही थायराडची गाठ म्हंजी घरातली थोरली सून. ती दमली की समदं घर बिघडतंय. म्हनून काय घर पाडत्यात व्हय? गोळीवर लगेच चहा पिऊ नगंस, अर्धा घंटा थांब." ड्रायव्हरने ऐकायला गाडी हळू केली होती. गावात उतरल्यावर कमल धावतच घरी सांगायला गेली. पुढे ती पिशवीसकट टोळीबरोबर गेली, आणि आता तिची पाळी वेळेवर येते.

मावशीचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही दोघी मागून सावकाश चाललो. वाटेत ती एकदम म्हणाली, "मला कुनी असं केजला नेलं न्हाई. सत्तावीसची होते. पिशवी, अंडाशय, समदं काढलं. जाताना तरणी गेलते, येताना म्हातारी होऊन आले. अंगातून वाफा निघायच्या, उगंच रडू यायचं. मला वाटायचं, मीच वंगाळ बाई हाय."

बारा वर्षं मी तिच्या शेजारी राहते, हसून हसून तिचे किस्से माहेरी सांगते, आणि तिच्या अंगाला काय होतं हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

"अजून त्रास होतो का, मावशी?"

"आता इचारलंस तर सांगते की," ती म्हणाली आणि माझा दंड धरून तिने गुडघ्यांपासून सुरुवात केली. घर आलं, तरी आम्ही आत गेलो नाही.