अकरावा वाटा

उर्पो केम्पाइनेनला उजव्या डोळ्याने समोरचं दिसेनासं झालं होतं, आणि डावा तर दोन वर्षांपूर्वीच गेला होता. हौकिवारा गावात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शहरातल्या डॉक्टरीणबाईंना तेवढं ठाऊक होतं. "मधलं जाईल, कडेकडेचं राहील. यावर औषध नाही," असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. उर्पोने टोपी घातली, बाईंचे आभार मानले आणि गावात येऊन अवाक्षर काढलं नाही.

हट्टी माणूस. पण त्याच्या हट्टाला कारण होतं. गावातली शाळा बंद पडली, मग दुकान. बायको साइमी गेल्याला सहा वर्षं झाली होती. मुलगी स्वीडनला, तिच्या पोरांना आजोबांची भाषा कळत नाही, त्यामुळे फोनवर नुसतं हसायचं. उरलं काय, तर तळं आणि जंगल. तळ्याचं त्याला भय नव्हतं. बर्फाखाली जाळं सोडणं, गाठ मारणं, मासे सोडवणं हे सगळं बोटं करतात. पण जाळ्यापाशी माणूस एकटाच असतो. माणसांत बसायचं तर शरद ऋतूची वाट पाहायची, मूसच्या, त्या घोड्याएवढ्या हरणाच्या, शिकारीची. अकरा गडी, एक लाकडी झोपडी, चुलीवर काळी कॉफी आणि एकमेकांची यथेच्छ टिंगल. बंदूक गेली की हीही माणसं गेली, असा उर्पोचा साधा हिशेब होता.

म्हणून शिकारीच्या परवान्यासाठी लागणाऱ्या नेमबाजीच्या परीक्षेला तो गेला. पंच्याहत्तर मीटरवर मूसच्या चित्राची फळी, चार गोळ्या. मधोमध धुकं, पण फळीचा खांब कडेने दिसत होता, आणि चाळीस वर्षं ती फळी तिथेच उभी होती. खांबावरून अंदाज बांधून त्याने चारही गोळ्या बसवल्या. त्या दिवशी तो घरी शीळ घालत आला. आपण जंगलालाही असंच फसवू, असं त्याला वाटलं असावं. पण जंगलात खांब नसतो.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी उर्पो दलदलीच्या काठी आपल्या ठिय्यावर बसला होता. टोळीचा म्होरक्या जौको, उर्पोच्या मेलेल्या मित्राचा मुलगा. वॉकीटॉकीवर त्याचा आवाज आला, "काका, कुत्रा मादीमागे आहे. तुमच्याकडेच येतेय. वासरू आहे का ते नीट बघा."

वासरू असलं तर आधी वासरू मारायचं, मग आई. आई आधी मारून वासराला पोरकं करायचं नाही. कायदा तर आहेच, पण कायदा नव्हता तेव्हाही हौकिवारातली माणसं असंच वागत.

झुडपं मोडली. उर्पोने मान तिरकी करून डोळ्याची कड लावली. तपकिरी, उंच, एकटं. त्याने गोळी झाडली. मादी चार पावलं चालली आणि कोसळली.

तिच्या मागून वासरू बाहेर आलं आणि आईपाशी उभं राहिलं. पळेना. नाकाने तिची मान ढोसत राहिलं. उर्पोला त्याचा आवाज ऐकू आला, तेव्हा कळलं. बंदूक उचलायची त्याची छाती झाली नाही. दहा मिनिटांनी जौको धापा टाकत आला, त्याने पाहिलं आणि वासराला एका गोळीत मोकळं केलं.

मग सगळे जमले. आधी थट्टेखोर रेइयोच म्हणाला, "आधी वासरू पडलं, मग आई. मी दोन्ही आवाज मोजले. काय रे?"

"हो, असंच झालं," जौको म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. घाई झाली म्हाताऱ्याची, होतं असं, एवढंच त्यांना वाटत होतं. उर्पो लाजेने अर्धा झाला.

झोपडीकडे परतताना जौको त्याच्या शेजारून चालू लागला. "काका, पुढच्या वर्षी रस्सा तुम्हीच करा. तुमच्या हाताची चव दुसऱ्या कुणाच्या हाताला नाही."

हौकिवारात माणसाला ठिय्यावरून उठवतात ते असं, पळी हातात देऊन. म्हाताऱ्या आतूला वीस वर्षांपूर्वी हेच वाक्य उर्पोने स्वतः ऐकवलं होतं. आतूने दोन वर्षं रस्सा केला. तिसऱ्या वर्षी तो आलाच नाही, आणि त्याला बोलवायलाही कुणी गेलं नाही.

"बघू," उर्पो म्हणाला.

मांस आठवडाभर टांगून ठेवलं आणि पुढल्या शनिवारी वाटणी झाली. फळ्यांवर सारखे अकरा ढीग. एकाने ढिगावर बोट ठेवून "कुणाचा?" म्हणायचं आणि दुसऱ्याने ढिगांकडे पाठ करून नाव घ्यायचं, म्हणजे तक्रारीला जागा नाही. नाव घ्यायचं काम तीस वर्षं उर्पोचं, कारण उर्पो लबाडी करणार नाही याची सगळ्यांना खात्री.

"कुणाचा?"

"रेइयोचा."

"कुणाचा?"

"जौकोचा."

अशी दहा नावं झाली. "कुणाचा?" जौकोने अकराव्यांदा विचारलं. उर्पो गप्प.

"अहो काका, स्वतःचं नाव विसरलात की काय!" रेइयो म्हणाला आणि दोघंतिघं हसले.

"मला ते वासरू दिसलंच नव्हतं," भिंतीकडे तोंड करूनच उर्पो म्हणाला. "घाई नव्हती केली मी. मला समोरचं काही दिसत नाही. परीक्षेच्या वेळीही दिसत नव्हतं. जौकोची हाक आली तेव्हाही. तुमच्यातलं कुणी त्या झुडपातून आलं असतं, तरी मी गोळी झाडली असती."

रेइयोने टोपी काढली आणि हातात धरून ठेवली. अकरावा ढीग जौकोने पिशवीत भरला, पिशवीचं तोंड बांधलं आणि ती आपल्याच खांद्यावर घेतली.

"गाडीची चावी द्या, काका," तो हळूच म्हणाला. "मी सोडतो घरी. आणि चावी माझ्याकडेच राहील."

दुकान चाळीस किलोमीटरवर, साइमीची कबर बारा. उर्पोने खिसा चाचपला, चावी काढली आणि आवाजाच्या अंदाजाने हात पुढे केला. जौकोला ती घ्यायला दोन पावलं बाजूला सरकावं लागलं.