तपासायचं कुणाला?

काल शेजाऱ्यांनी झुरळांचं औषध फवारलं आणि त्या उग्र वासानं मला कारेलीबागेतलं आमचं लहानपणीचं घर आठवलं.

खिडक्या बंद करून बाबा स्वयंपाकघरात पंपानं औषध मारत होते. तेवढ्यात आमचा कुत्रा मोत्या आत घुसला, ओल्या फरशीवर घसरला आणि शिंकत सुटला. एरवी त्याला ‘तुमचा कुत्रा’ म्हणणाऱ्या बाबांनी “अरे माझ्या राजा!” म्हणत त्याला उचललं. मोत्याला मांडीत घेऊन मी स्कूटरवर मागे बसले.

जनावरांच्या डॉक्टरांनी मोत्याला तपासलं, साबणानं धुतलं. मग बाबांचे औषधानं लाल झालेले डोळे आणि चाललेल्या येरझाऱ्या पाहून गुजरातीत म्हणाले, “कूतरो तो सारो छे, काका. पण तमे बेसी जाओ!” कुत्रा ठीक होता, बसायची गरज बाबांनाच होती.

घरी आईनं दारातच विचारलं, “काय म्हणाले डॉक्टर?”

“साबण लावून आंघोळ घाला म्हणाले.”

“मोत्याला?”

“नाही,” मी म्हणाले, “बाबांना.”

तेव्हा मी पोट धरून हसले. बाबा किती घाबरले होते, ते आज कळतं. त्यांची आंघोळ होईपर्यंत मोत्या मात्र मोरीच्या दाराशी कुईंकुईं करत बसून राहिला.