कोंबड्यांची देवी
कडुनिंबाचा पाला जळाल्याचा वास आला, की कुपवाडच्या आमच्या परसातलं खुराडं आठवतं. मुलगी तेव्हा सातवीत होती आणि कोंबड्या तिच्या होत्या. एकीच्या तुऱ्यावर खपल्या आल्या. देवी आल्या, मग देवीला दूर कसं लोटायचं, म्हणून बायकोनं तिला वेगळं काढलं नाही. खुराड्याला पाला बांधला आणि एकाच फडक्यानं सगळ्यांना हळद लावली. एकेक करून कोंबड्या मेल्या. शेवटी मुलीची लाडकी तांबडी तेवढी उरली, तीही श्वास घेताना घरघरत होती. जनावरांच्या डॉक्टरांनी मान हलवली. "आवं, लय लबाड विषाणू हाय. पेशीच्या अंगावर निरोप झेलणारे हात असतात. या जातीनं ते कवातरी चोरलं, सोयीनं बदललं. आता तेच बाहेर सोडतो आणि आजारी पेशीनं मारलेली मदतीची हाक वाटंतच अडकवतो." मुलीनं विचारलं, "म्हंजे आमचंच चोरून आमालाच मारतोय?" "व्हय." "मग मी त्याच्याकडनं चोरणार." डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. तांबडी संध्याकाळी गेली. खुराडं पेटवताना त्या न दिसणाऱ्या वैऱ्याचा मलाही तितकाच राग आला होता. आता मुलगी शिरवळला प्रयोगशाळेत आहे. सांध्यांना सूज आणणारा निरोपही असाच वाटेत अडवून, विषाणूचे तेच हात माणसाची सूज उतरवायला वापरता येतील का, हे ती तपासते. काल तिचा फोन आला, "आबा, एक हात सुटा करून घेतला. निरोप धरतोय." बायकोनं फोन माझ्याकडून ओढून घेतला. "आणि त्यो विषाणू?" "मारला, आई. उकळून."