कागदाची शीर

आईबाबा दरवर्षी वीटभट्टीवर जायचे, सोबत मीही. शाळा बुडायची, त्यामुळे चिकटवही कधी केलीच नाही. घरातली पहिली पदवीधर झाले, बी.एड.ला गेले आणि तिथे चिकटवही करायला सांगितली तेव्हा अडले. माझ्या चिकटवहीतले जाड कागदाचे खिसे घडीवर तडकायचे. मॅडमनी वही परत केली. उद्या नीट दिली नाही तर नापास.

बोईसर स्टेशनबाहेर एक म्हातारी पानांच्या द्रोणात करवंदं विकायची. तिचा अंगठा आधी पानाची शीर चाचपायचा, मगच घडी घालायचा. मी रोज बघत राहायचे. त्या दिवशी घडीवर तडकणारा तो कागदच तिच्यापुढे धरला. तिने तो आडवा फाडला, वाकडा गेला. उभा फाडला, सरळ गेला.

"बाय, कागदालापन शीर हाय. तिच्या अंगानं दुमड. कालेजात नाय सांगितलं?"

तिच्याशेजारी बसूनच सगळे खिसे नव्याने केले. वही पास झाली. आज मी मनोरच्या शाळेत शिक्षिका आहे.