हेरन्सच्या गोलरक्षकाची काठी

लेस्टर हेनहॉक सोमवारी दुपारी गेला आणि गुरुवारी सकाळी त्याला पुरायचं ठरलं. मधल्या दोन दिवसांत त्याच्या धाकट्या भावाकडे, ऑर्विलकडे, एकच काम आलं. लेस्टरची काठी शहरातून आणायची. काठीशिवाय माणसाला मातीत ठेवलं तर तिकडे पोचल्यावर तो खेळणार कशाने?

ऑर्विल एकाहत्तर वर्षांचा. त्यातली अडतीस वर्षं त्याने हेरन्स या लॅक्रोस संघाच्या काठ्यांना जाळ्या विणण्यात घालवली. या खेळात चेंडू काठीच्या टोकाच्या जाळीनेच झेलतात आणि फेकतात. ग्रँड नदीकाठच्या मूलनिवासींच्या वस्तीतून पाऊण तास गाडी हाकत क्रीडागृहात जायचं, तळघरातल्या बिनखिडकीच्या खोलीत बसायचं आणि ज्याला जशी हवी तशी जाळी घट्ट किंवा सैल करून द्यायची. कुणाला चेंडू खोल बसलेला आवडे, कुणाला तो पटकन सुटायला हवा असे. माणसांची नावं तो विसरायचा, जाळ्या नाही. मालक चार झाले, प्रशिक्षक किती झाले ते त्याने मोजलं नाही. त्या इमारतीत त्याने कधी कुणाला "नको" म्हटलं नव्हतं. तशी वेळच आली नाही, असं तो सांगायचा.

लेस्टर पहिल्या हंगामापासूनचा गोलरक्षक. बाकीच्यांच्या हाती प्लास्टिक आणि धातू आलं तरी गोलरक्षकाला लाकडी काठी चालत असे, आणि वडिलांनी वाकवलेली हिकरीच्या चिवट लाकडाची रुंद काठी लेस्टरने सोडली नाही. तिसऱ्या वर्षी संघाने चषक जिंकला, लेस्टरचे गुडघे संपले, आणि ती काठी दारातल्या काचेच्या कपाटात गेली. "लागेल तेव्हा नेईन," एवढंच तो म्हणाला होता. ते कुणी लिहून ठेवलं नाही.

आता संघ विकला गेला होता. नाव तेच ठेवून तो पश्चिमेकडे, विमानाने चार तासांवरच्या शहरात चालला होता. बुधवारी ऑर्विल पोचला तेव्हा कार्यालयातली मॅरिअन दारातच खोके भरत होती. पस्तिशीची, मनाने चांगली बाई.

"ऑर्विल, लेस्टरचं कळलं. फार वाईट वाटलं."

"हो," ऑर्विल म्हणाला. सोमवारपासून सगळे त्याला हेच सांगत होते, आणि दर वेळी ते शेजारच्या कुणाला तरी सांगताहेत असं त्याला वाटे.

"नव्या दालनात लावायला संघाचा इतिहास लिहितेय. जरा ऐकता? पहिला हंगाम, सोळा सामने, चार विजय."

"तीन. एक नंतर काढून घेतला. आमचा एक माणूस जास्त उतरला होता."

"कोण?"

"नाव आठवत नाही. खोल जाळी होती त्याची."

तिने खोडून तीन केलं. "तिसऱ्या वर्षी चषक. मग पुढची अकरा वर्षं..."

"तिथे काही लिहू नका," ऑर्विल म्हणाला, आणि ती हसली. मग त्याने विचारलं, "लेस्टरची काठी नेऊ का? उद्या पुरायचंय."

"आठवण म्हणून?"

"नाही. त्याच्याबरोबर द्यायला. वडील तिथे आहेत, दोन चुलते आहेत. गोलरक्षक नाही त्यांच्याकडे."

या वेळी ती हसली नाही. काठी नेण्याच्या वस्तूंच्या यादीत होती. तिने नव्या मालकांना फोन लावला, वीस मिनिटं भांडली, शेवटी आवाज चढवला. फोन ठेवला तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

"न्या. मी यादीतून काढते."

मग तिने पांढरे हातमोजे चढवले आणि कपाटाला किल्ली लावली.

पुरुषाच्या लाकडी काठीला बाई हात लावत नाही. वस्तीत हे तीन वर्षांच्या पोरीलाही कळतं. काठी वाटेत पडली असेल तर ती वळसा घालून जाते. क्रीडागृहात प्रश्न कधी आला नाही, कारण कपाटाची किल्ली कायम पुरुषांकडे असे. ऑर्विलने तिचा हात आत जाताना पाहिला. "मी घेतो" एवढे दोनच शब्द म्हणायचे होते आणि तेवढा वेळ होता. पण आत्ताच ती आपल्यासाठी भांडली, हे तिला कसं वाटेल, असा विचार करेपर्यंत काठी तिच्या दोन्ही हातांत होती. तान्हं मूल द्यावं तशी तिने ती पुढे केली.

"आभारी आहे," ऑर्विल म्हणाला.

घरी चुलतभाऊ वेंडेल बसला होता. काठ्या घडवणारा. त्याने काठी पाहिली आणि जे कुणीही विचारलं असतं तेच विचारलं.

"काढून कुणी दिली?"

"कार्यालयातल्या बाईने." थोडं थांबून ऑर्विल म्हणाला, "हातमोजे होते."

"हातमोजे," वेंडेल म्हणाला. "कसले? लोकरीचे?"

"सुती."

"मग लोकरीपेक्षा पातळच की."

चुलीपाशी मक्याचं सूप ढवळणारी त्यांची बहीण व्हर्ना वळली. "मला विचाराल तर..."

"तुला कोण विचारतंय?" वेंडेल म्हणाला.

"म्हणून तर सांगतेय. तिने चांगल्या मनाने दिली. याने तोंड उघडायचं होतं. काय रे, जाळ्यांबरोबर तोंडही विणून घेतलंस का?"

"असेल," ऑर्विल म्हणाला.

संध्याकाळी सायरसमामा आले. दुसऱ्या दिवशी लांबघरात, वस्तीच्या विधींच्या घरात, मृतासाठी बोलायचं काम त्यांचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सूप संपवलं.

"हातमोज्यांबद्दल मला कुणी काही शिकवलेलं नाही," ते म्हणाले. "तिकडचे काय म्हणतील ते मी सांगू शकत नाही. तुझी खात्री असेल तर ठेव."

खात्री नव्हती. ऑर्विल आतल्या खोलीत गेला आणि भिंतीवरची स्वतःची काठी काढून आणली. त्याच हिवाळ्यात, त्याच झाडातून वडिलांनी केलेली. पण धावणाऱ्या खेळाडूची, बारीक. ती त्याने स्वतःसाठी राखून ठेवली होती. व्हर्ना बाजूला सरकली.

गुरुवारी त्याने ती लेस्टरच्या उजव्या हाताशी ठेवली. झाकण लावताना जाळी अडकू नये, एवढ्यावरच त्याचं लक्ष होतं. रडू येईल असं सकाळपासून वाटत होतं. आलं नाही.

"बिचाऱ्याला आता धावावं लागणार," खड्ड्याच्या कडेला वेंडेल पुटपुटला. "जन्मभर टाळलं होतं त्याने."

सोमवारी ऑर्विल रुंद काठी परत घेऊन क्रीडागृहात गेला. कपाट गेलं होतं, भिंतीवर त्याचा फिका चौकोन राहिला होता. मॅरिअनने गोंधळून त्याच्याकडे पाहिलं.

"काय झालं? आमच्याकडून काही चुकलं का?"

"नाही. त्याच्याकडे दुसरी आहे. ही यादीत परत लिहा."

तिने लिहिली. त्याने काठी स्वतःच खोक्यात ठेवली आणि निघाला. परतताना वेंडेलच्या छपरीपाशी गाडी थांबवली. आत वेंडेल दांडा तासत होता.

"एक काठी हवी," ऑर्विल म्हणाला.

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

वेंडेलने हातातलं काम बाजूला ठेवलं. "लाकूड फाडलंय, पण ओलं आहे. वाळायचं, वाकवायचं, पुन्हा वाळायचं. पुढच्या पानगळीपर्यंत तरी नाही मिळणार. तोवर मरू नकोस."

"बरं," ऑर्विल म्हणाला. "जाळी माझी मी विणेन."