पडवीतली कुत्री

लग्न होऊन मी माढ्याहून सोलापुरात आले, तो काळ सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा. महिन्याचे चार दिवस मी मागच्या पडवीत बसायची. सासऱ्यांनी सुताच्या गोदामाच्या राखणीला एक कुत्री पाळली होती. ती पहिल्यांदा माजावर आली आणि स्वयंपाकघराच्या दारात रक्ताचे थेंब दिसले, तेव्हा सासूबाईंनी तिलाही पडवीत आणून बांधलं.

"ही बी बाहेरची हाय. कुणी शिवायचं न्हाय."

मला सोबत झाली. पण माझे दिवस संपले, मी न्हाऊन आत गेले, तरी कुत्रीचं रक्त थांबेना. सासूबाई घाबरल्या. सासऱ्यांनी गुरांचे डॉक्टर बोलावले. डॉक्टर तरुण होते आणि त्यांना शिकवायची हौस होती.

"काकू, हा विटाळ नव्हे. हे रक्त माजाच्या आधीचं. पुढं हिच्या पिशवीचं अस्तर जाड होतं, पिल्लं राहोत न राहोत. मग त्यातल्या पेशी मरतात आणि हळूहळू नवं अस्तर येतं."

"मेलेलं बाहेर येत न्हाय?"

"नाही. आतल्या आत जिरतं."

सासूबाईंनी निकाल दिला. "मग इटाळ कसला? सोडा तिला."

"आणि आमचं?" मी दाराआडून विचारलं.

डॉक्टरांनी बॅग उचलली. "ते माणसांच्या डॉक्टरांना विचारा, वहिनी."

त्या दिवसापासून आमच्या घरात कुत्री सोवळी ठरली. मी पडवीत असले की ती माझ्या मांडीवर डोकं ठेवायची, तिथून उठून थेट चुलीपाशी जायची आणि कुणी काही बोलायचं नाही. मी मात्र पाणीसुद्धा मागून घ्यायची.

माजाच्या दिवसांत तिला घराबाहेर जाऊच दिलं नव्हतं, कुत्र्याची गाठ पडलीच नव्हती. तरी दोनेक महिन्यांनी तिचं पोट सुटलं, आचळांत दूध उतरलं. माझं जुनं लुगडं ओढून तिनं कोपऱ्यात अंथरूण केलं. सासूबाईंनी तिला गूळ-भाकरी सुरू केली. मला लग्नापासून दिवस राहिले नव्हते, त्यामुळे गूळ-भाकरीचा प्रश्न आला नव्हता. दर महिन्याला "ह्या खेपेला बी न्हाय?" एवढंच विचारलं जायचं.

पिल्लं झाली नाहीत. डॉक्टर म्हणाले, खोटं गाभणपण आहे, कुत्र्यांत नेहमीचंच. दूध आटलं. एका दुपारी मी आत आले तर सासूबाई कुत्रीच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या होत्या.

"रडू नगं गं. आत सगळं नवं हुतंय म्हनं. पुढच्या खेपेला व्हईल."

कुत्री रडत नव्हती. मला मात्र तोंड फिरवून विहिरीकडे जावं लागलं.

पुढच्या महिन्यात मी पडवीत बसले तेव्हा सासूबाई स्वतः चहा घेऊन आल्या. कप दुरून सरकवला, पण उभ्याच राहिल्या. कुत्रीशी बोलून बोलून त्यांना सवय लागली असावी.

"तुझा नवराबी लई उशिरा झाला मला," त्या म्हणाल्या आणि माझ्या शेजारी टेकल्या. "सासू रोज इचारायची. जीव नकोसा व्हायचा."

"मग तुम्ही मला का विचारता?"

"न्हाय इचारनार," म्हणाल्या.

मग त्यांच्या लक्षात आलं, पदर माझ्या गुडघ्यावर पडलाय. त्या उठल्या आणि आंघोळीला गेल्या.