मंजु आल्याशिवाय बस सुटत नाही

हे लिहावं की नाही, असं बरेच दिवस वाटत होतं. देवाच्या अनुभवावर लिहिणारी माणसं मोठी असतात, त्यांच्यामागे साधना असते. माझी साधना एवढीच, की मामी जेवायला वाढण्याआधी महादेवापुढे हात जोडायला सांगायच्या आणि मी जोडायचो. इंटर सायन्सला गेल्यापासून तेही जरा अवघडूनच. प्रयोगशाळेत जे दिसत नाही ते मानायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं; आणि ठरवल्यापासून जरा एकटं वाटत होतं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील साताऱ्याकडच्या खेड्यात शिवणकाम करायचे. मामांचं शिलाईचं दुकान नंदीच्या डोंगराखाली, चिक्कबळ्ळापुरात होतं. म्हणून मी मामांकडे राहून रोज बसने बेंगळुरूला जायचो. देवनहळ्ळीपासून पुढचा रस्ता सरळ होता. त्याच्या अलीकडचा, डोंगराच्या कडेकडेनं येणारा, मात्र थंडीत भलताच व्हायचा. वारा डोंगरावरून धुक्याची धुई अशी लोटायचा, की समोरच्या बैलगाडीचं चाक दिसायचं पण गाडी दिसायची नाही. भूगोलाच्या पुस्तकात हिमालयातल्या रस्त्याचं चित्र होतं, थेट तसं. मला कानडी फारसं येत नव्हतं. ‘होगबेकु’ म्हणजे जायला पाहिजे, ‘आमेले’ म्हणजे नंतर, ‘स्वल्प’ म्हणजे थोडं, एवढ्यावर माझा संसार चालला होता.

जानेवारीत प्रात्यक्षिकाची परीक्षा होती. ती चुकली तर मुख्य परीक्षेला बसू देत नसत, आणि वर्ष बुडालं तर वडील मला परत बोलावून मशीनवर बसवणार, हे ठरलेलं होतं. त्यांचा राग नव्हता, दुसरं वर्ष शिकवायची ऐपत नव्हती. त्या दिवशी मी पहिल्याच बसमध्ये जाऊन बसलो. बस निघाली आणि गावाबाहेर डोंगराचा रस्ता लागतो तिथे, चहाच्या टपरीजवळ, थांबली ती थांबलीच. धुईमुळे टपरीसुद्धा वासावरून ओळखावी लागत होती. मी कंडक्टरला विचारलं, तर तो बिडी शिलगावत शांतपणे म्हणाला, “मंजु होगबेकु. आमेले गाडी.”

माझ्या तुटपुंज्या कानडीप्रमाणे याचा अर्थ स्वच्छ होता. मंजूला जायचं आहे, मग गाडी. म्हणजे मंजू नावाची कोणी मुलगी या बसने जाणार होती आणि तिच्यासाठी आम्ही सगळे खोळंबलो होतो. बसमालकाची लेक असावी, अजून वेणी घालत असावी. मला इतका राग आला, की मी डोळे मिटून मामींच्या महादेवाला म्हणालो, “देवा, तू असशील तर त्या मंजूला लवकर पाठव.” हात कितीतरी दिवसांनी आपण होऊन जोडले गेले. डोळे उघडले तर धुई दुप्पट झाली होती. आता ड्रायव्हरची टोपीही दिसेना.

देव नाही, हे सिद्ध झालंसं वाटून मी खाली उतरलो आणि स्वतःच हाका मारत फिरू लागलो. “मंजु एल्ली? मंजु एल्ली?” मंजू कुठं आहे, एवढंच मला विचारायचं होतं. टपरीवरच्या लोकांनी हात हवेत गोल फिरवून सांगितलं, “एल्ला कडे.” सगळीकडे. आणि हसायला लागले.

बसमध्ये एक कापडवाले अण्णा होते. पिढ्यान्‌पिढ्या इकडे राहिलेले, पण बोलणं आपलं. ते खिडकीतून म्हणाले, “अहो शिकलेले, स्वल्प इकडे या. तुम्हाला मुलगी पाहिजे की बस पाहिजे?”

“बस पाहिजे, अण्णा. माझी परीक्षा आहे.”

“मग मुलीला कशाला बोलावता? मंजु म्हणजे धुई. धुई गेली पाहिजे, मग गाडी जाईल, असं म्हणाला तो.”

मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. मी देवाकडे धुई मागितली होती, आणि त्यानं ती ताबडतोब, भरपूर दिली होती. तेवढ्यात धुईतूनच एक जाडसर आवाज आला, “याकप्पा, का ओरडतोस? मीच मंजु.” डोक्यावर एक आणि कमरेवर एक अशा शेवंतीच्या पाट्या घेऊन एक म्हातारी पुढे आली. तिचं नाव मंजम्मा. तिला फुलं घेऊन बेंगळुरूतल्या शिवाजीनगरच्या बाजारात जायचं होतं.

तिचं कानडी अण्णांनी मला उलगडून सांगितलं. काय झालं ते ऐकल्यावर ती कंडक्टरला म्हणाली, “मंजु गेल्यावर गाडी जाणार ना? मग मंजु चालली. काढ गाडी.” अख्खी बस हसली. ड्रायव्हरही हसला, पण म्हणाला, “अक्का, रस्त्याची कड दिसत नाही. खड्ड्यात घालू का सगळ्यांना?” म्हातारीनं एक पाटी खाली ठेवली. “ही दहिवरानं भिजलीय, बाजारात कोण घेणार? पांढरी आहेत, कडेनं टाकत गेलं तर दिसतील.” मग माझ्याकडे वळून, “चल, मंजु मंजु करत होतास ना? हो पुढे.”

असा मी पाटी घेऊन वळणावळणाच्या रस्त्यानं पुढे, मूठमूठ शेवंती कडेला टाकत, आणि मागून बस पालखीसारखी हळूहळू. वाऱ्यानं निम्मी फुलं माझ्याच अंगावर उडत होती. वाटेत थांबलेल्या एका गाडीवानाला ती फुलं आणि दिव्यांचा पिवळा उजेड दिसला. त्यानं पागोटं काढून आमच्या बसला नमस्कार केला. कंडक्टरनं गंभीरपणे घंटा वाजवली. डोंगर मागे पडला तसा रस्ता उघडा झाला, आणि मला आत घेऊन बस जी सुटली ती देवनहळ्ळीत नावापुरतीच थांबली.

मी धापा टाकत प्रयोगशाळेत शिरलो तेव्हा तराजू वाटले जात होते. परीक्षकांनी माझ्या केसांकडे पाहून विचारलं, “लग्नातून आलात?” मी म्हणालो, “नाही सर, मंजम्मांबरोबर आलो.” त्यांनी मला माझा तराजू दाखवला. मी त्या परीक्षेत पास झालो.

संध्याकाळी घरी सगळं सांगितलं. मामी पदर तोंडाला लावून हसत राहिल्या. मामा मात्र सुईत दोरा ओवता ओवता म्हणाले, “मंजुनाथ म्हणजे महादेवच रे. मंजूला पाठव म्हणालास, तोच आला असंल.” यावर मी वाद घातला नाही. खरं काय ते मला आजही माहीत नाही. बाजारात मंजम्मा दिसल्या की मी वाकून नमस्कार करतो आणि त्या दर वेळी विचारतात, “परीक्षा आहे काय?”

तेव्हापासून देवाकडे काही मागायचं झालं, तर शब्दाचा अर्थ आधी कुणाला तरी विचारून घ्यावा असं वाटतं. बहुतेक वेळा विचारायला कुणी नसतं. मग मी नुसते हात जोडतो.